पायरीवर ठेवून गेलेल्या बंदुका

बुधवार दुपार

आदरणीय नणंदबाई ओपल यांना ॲल्व्हिनाचा नमस्कार.

गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकले, अंडी गोळा केली (एक सोडून सगळ्यांची, ती एक गेल्या हिवाळ्यापासून आमच्याकडे नुसती पाहुणी म्हणून राहते), चादरी पिळून दोरीवर घातल्या आणि चिमटे तोंडात धरून मागे वळले, तर मागच्या पायरीवर एक बंदूक आडवी पडलेली. जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, थंडी वाजेल अशा काळजीने. दस्त्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टी, पट्टीवर शाईने लिहिलेलं: हार्लन क्विस्ट. मी चिमटे काढून पिशवीत टाकले आणि बंदूक उचलून स्वयंपाकघरात नेली. घंटा न वाजवता पायरीवर काही ठेवून जाण्याची आपल्याकडे रीतच आहे, त्यामुळे त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटलं ते दुपारी, तिसरी बंदूक आली तेव्हा.

पण ही मी सरळ बंदुकीवरच आले. तुमचे गुडघे कसे आहेत? ॲरिझोनाच्या उन्हाने त्यांना आराम पडतो असं मागे म्हणाला होतात, तर तो टिकला आहे ना? भावोजींच्या कानाचं यंत्र आलं का, की अजून ते तुमचं बोलणं न ऐकण्याचं सुख घेत आहेत? इथे सगळं ठीक आहे. माझी तब्येत उत्तम. झोप चांगली लागते. (हे मुद्दाम लिहिते, कारण दर रविवारी फोनवर तुमचा पहिला प्रश्न तोच असतो. आता मला त्याचं कारण कळलं आहे. त्याबद्दल पुढे येईलच.)

तर बंदूक. तुमचा भाऊ दर गुरुवारी संध्याकाळी खडीच्या जुन्या खाणीवर डबे पाडायला जायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे. शिकारीचं त्याला कधीच नव्हतं. हरणांचा मोसम सुरू झाला की लाइलला नेमाने सर्दी व्हायची आणि मोसम संपला की उतरायची. पण फळीवर मांडलेले टोमॅटोचे रिकामे डबे, पॉइंट टू-टूची छोटी काडतुसं आणि शेजारी बसून वाऱ्याला दोष देणारे चार पुरुष, एवढ्यावर त्याचा आठवडा चालायचा. आणि गुरुवारची ती संध्याकाळ माझी असायची. स्वयंपाक नाही, रेडिओ नाही. भट्टीच्या उघड्या दाराशी पाय आणि मांडीवर वाचनालयाचं पुस्तक. बायका नवऱ्याबरोबरच्या संध्याकाळी आठवून रडतात असं ऐकते. मला त्याच्यावाचूनच्या त्या संध्याकाळी आठवतात. तेव्हा तो घरात नसायचा, पण यायचा असायचा. आता रोजच गुरुवार आहे. पुस्तक मांडीवर असतं आणि मी एकच पान पुन्हा पुन्हा वाचते.

म्हणून या वसंतात मी ठरवलं की गुरुवारी आपणच बाहेर पडावं. घराला बसू दे एकटं. खाणीवर जायचं, डबे मारायचे, वाऱ्याला दोष द्यायचा. त्यासाठी एक बंदूक हवी: छोटी, साधी, परवडणारी, आणि खांद्याला लाथ न मारणारी. लाइलची आहे की, असं तुम्ही म्हणाल. ती मी हिशेबात धरली नव्हती. तिचा दस्ता त्याच्या हाताच्या मापाचा, आणि तुम्ही ताडाचं झाड म्हणून हाक मारायचात त्याला, मी पडले फ्रीजच्या दाराएवढी. शिवाय ती ज्या कपाटात आहे ते उघडायला मला गेलं वर्षभर काही ना काही काम आडवं येत होतं.

आता माझी चूक ऐका. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी चालली होती. माझ्या शेजारी मार्व्हल क्विस्ट, हार्लनची बायको. मी सहज म्हटलं, "एखादी स्वस्तातली छोटी बंदूक बघावी म्हणते." एवढंच म्हणाले आणि केक घ्यायला उठले. डबे, खाण, गुरुवार, हे सगळं मी केक घेऊन परत आल्यावर सांगणार होते. परत आले तर आमच्या टेबलावर सगळे एकाच वेळी पावसाबद्दल बोलत होते. मार्व्हलने माझा हात धरून म्हटलं, "अगं, अजून एक तुकडा घे ना." दुसरा घेईपर्यंत तिने तो सोडला नाही. मला वाटलं, केक उरला असेल.

आणि सोमवारपासून बंदुका. बुधवारपर्यंत सहा झाल्या. जेवणाच्या टेबलावर मी त्या ओळीने मांडल्या आणि स्वतः उभी राहून जेवायला लागले. लाइल गेला तेव्हा या टेबलावर भट्टीत भाजलेल्या हॉटडिशची भांडी अशीच मांडली होती ते तुम्ही पाहिलं आहे. बटाटा आणि चीज, चीज आणि बटाटा, आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाला नावाची पट्टी. तशीच इथे प्रत्येक दस्त्याच्या बुडाला. तेव्हा लोकांनी भांडी आणली आणि झाकणं घरी ठेवली होती, कारण झाकणं हरवतात. तसंच काहीसं याही वेळी दिसत होतं, पण ते मला नंतर कळलं.

आधी मी वाचनालयात गेले. मला कुणी काही शिकवलेलं नाही, जे येतं ते पुस्तकातून, हे तुम्ही जाणता. (तुमच्या आईने लाइलला विचारलं होतं, मुलगी वाचते म्हणजे नेमकं काय करते? त्याने सांगितलं होतं, बसते. ते त्यांनी बरीच वर्षं माझ्याविरुद्ध धरून ठेवलं.) बंदुकांवरची दोन जाड पुस्तकं काढली आणि वाटेवर एका कवयित्रीचं दुःखी चरित्र दिसलं तेही घेतलं. वाचनालयातल्या बाई तिन्ही पुस्तकांवर शिक्का मारायचा सोडून माझ्याकडे बघत राहिल्या. "आणखी काही हवं का, काकू? बागकामाचं काही?" मी म्हटलं, बाग माझी चांगली आहे. त्यांचा चेहरा पडला.

आता बंदुकांचं. हार्लनची एकेरी, म्हणजे एका वेळी एकच काडतूस घालायची. ही मला मनातून आवडली. बंदुकीने माणसाला विचार करायला वेळ द्यावा. पण तिचा दस्ता इतका लांब की तो खांद्याला लावला तर चापापर्यंत माझं बोट पोचेना, आणि बोट पोचवलं तर दस्ता काखेतून मागे जाऊन शेगडीला लागे. दुसरी लोखंडी सामानाच्या दुकानातल्या ड्वेनची. तिच्यावर एवढी मोठी दुर्बीण की चंद्रावर कुणी डबा ठेवला तर तो मारता यावा. मी तिच्यातून अंगणात पाहिलं तर मला फक्त एका कोंबडीचा डोळा दिसला आणि तोही नाराज होता. तिसरी गणिताच्या निवृत्त मास्तरांची, आपोआप भरणारी. पुस्तक म्हणतं, अशी बंदूक हौशी माणसाला फार भावते आणि काडतुसांच्या दुकानदाराला त्याहून. चाप ओढत राहिलं की दहा काडतुसं संपतात, आणि पहिलं कुठे गेलं हे विचारायला कुणी उरत नाही. चौथीच्या दस्त्यावर कुणीतरी तापल्या खिळ्याने हरीण कोरलं होतं. ते बकरीसारखं दिसत होतं. बाकीच्या दोन एकमेकींच्या जुळ्या बहिणी, दोघींच्याही नळीला गंज.

पुस्तकातल्या आकृतीशी ताडून बघता बघता माझ्या लक्षात आलं की आकृतीत जिथे बोल्ट आहे, तिथे माझ्या टेबलावरच्या एकाही बंदुकीत काही नाही. बोल्ट म्हणजे मागची सरकवायची लोखंडी दांडी. काडतूस आत ढकलते ती हीच, आणि ठोका देणारी सुईही हिच्याच पोटात. ती नसेल तर बंदूक म्हणजे महागाची काठी. मास्तरांच्या बंदुकीतून तर इतकं काही काढलेलं होतं की नळीतून आरपार अंगण दिसत होतं. मला वाटलं, झाकणं घरी ठेवली. आता दिलेल्या वस्तूत खोट काढणं आपल्यात बसत नाही. हार्लनकडे जाऊन "तुझ्या बंदुकीला बोल्ट नाही" म्हणणं म्हणजे मार्व्हलला "तुझ्या हॉटडिशला मीठ नाही" म्हणणं. मी गप्प बसले.

शिवाय रीत अशी की आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. बंदुकीलाही ती लागू होते का, हे दोन्ही पुस्तकांत दिलेलं नव्हतं. मी लागू होते असं धरलं. परसात रुबार्बचे आंबट देठ माजले होतेच. दोन दिवस केक भाजले आणि एका हातात बंदूक, एका हातात केक अशी गावभर हिंडले. पोस्टातल्या मुलीने खिडकीचा पडदा ओढला. आणि नणंदबाई, गंमत बघा, ज्याच्या दारात जावं तो पुरुष आधी बंदूक घ्यायचा, दोन्ही हातांनी, तान्हं मूल घ्यावं तशी. मग माझ्याकडे नीट बघायचा. आणि मग केक. ड्वेन तर म्हणाला, "काकू, केक केलात? वा, वा. म्हणजे भट्टी वगैरे पेटवलीत." मी म्हटलं, "तू केक कसे भाजतोस?" त्यावर त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, याच्या घरी काहीतरी बिनसलं आहे, आणि मी त्याला अर्धा केक जास्त देऊन आले.

मग शनिवारी पास्टर आले. हे नवीन पास्टर तुम्ही पाहिले नाहीत. वयाने लहान, मानेने लांब, मन फार चांगलं. बटाट्याच्या लागवडीबद्दल बोलले. चर्चच्या भट्टीबद्दल बोलले. पुन्हा बटाट्यांवर आले. कॉफीचा दुसरा कप निवत चालला तेव्हा मीच म्हटलं, "पास्टर, तुम्ही बटाट्यांसाठी आलेला नाहीत."

ते म्हणाले, "काकू, संध्याकाळी कसं वाटतं?"

"अंधारल्यासारखं."

"म्हणजे, मनात काही... जड विचार?"

"पास्टर, काय विचारायचंय ते विचारा. केकही संपत आलाय."

त्यांनी कप खाली ठेवला आणि बशीकडे बघून विचारलं, "काकू, तुम्ही जिवाचं काही बरंवाईट करून घेणार नाही ना?"

आणि तेव्हा मला सहाच्या सहा बंदुका एकदम कळल्या. रविवारी मी केक घ्यायला उठले तेवढ्यात तळघरात विचार झाला होता. वर्षभरापूर्वी विधवा झालेली बाई बंदूक मागते. तिला नाही म्हणणं बरं दिसत नाही. का हवी म्हणून विचारणं त्याहून बरं दिसत नाही. तेव्हा द्यायची, पण बोल्ट काढून. आणि नुसती एकाने दिली तर ती दुसऱ्याकडे जाईल, म्हणून सगळ्यांनी द्यायची. सहा घरांतले बोल्ट (हे पास्टरांनीच कबूल केलं) एका कॉफीच्या डब्यात, आणि डबा हार्लनच्या दूधघरात, वर वीट ठेवून. एवढी मोठी मसलत झाली, पण "का गं ॲल्व्हिना?" हे तीन शब्द अख्ख्या गावात एकाच्याही तोंडातून निघाले नाहीत. सभ्यपणाने माणूस मरायचा तो असा.

मला राग यायला हवा होता. मी म्हटलं, "पास्टर, जरा उठा," आणि त्यांना मागच्या खोलीत नेऊन फ्रीजर उघडून दाखवला. "हे अर्धं डुक्कर आहे. नोव्हेंबरात पैसे मोजून घेतलंय. हे संपल्याशिवाय मी कुठे जाईन असं तुम्हाला वाटतं?" त्यांनी वाकून त्या डुकराकडे पाहिलं आणि हसायला लागले ते थांबेनात. मला वाटतं थोडे रडलेही, पण थंड वाफ चेहऱ्यावर आली की नक्की सांगता येत नाही. मग मी त्यांना गुरुवारचं सांगितलं, वर तुम्हाला लिहिलं ते सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. हेही सांगितलं की मला लाइलपाशी जायची घाई नाही. तो वाट बघण्यात हुशार होता, मी नव्हते, तर ज्याला जमतं त्याने ते करावं. यावर त्यांनी उपदेश केला नाही, उरलेला केक संपवला. म्हणून म्हणते, मन चांगलं.

त्याच संध्याकाळी हार्लन आला. घंटा वाजवून आला, म्हणजे प्रकरण गंभीर. हातात डबा खुळखुळत होता.

"वहिनी," तो म्हणाला, "असाच चाललो होतो इकडून."

"डबा घेऊन?"

"डबा आपला बरोबर होता."

"बस. त्यात काय आहे ते मला माहीत आहे."

तो बसला. म्हणाला, "ह्यातला माझा कुठला, तेच ओळखू येईना. सगळे सारखेच दिसतात मेले."

"पट्ट्या नाही लावल्यात?"

"पट्ट्या बंदुकांना लावल्या ना."

मग टोपी हातात फिरवत म्हणाला, "लाइल असता तर त्याने विचारलं असतं तुला. तोंडावर."

"लाइल असता तर मी बंदूक मागितली नसती, हार्लन."

"तेही आहेच." मग दाराशी उभा राहून, माझ्याकडे न बघता, "गुरुवारी वारा पडलेला असतो. ये. तिथे लाइलच्या जागी कुणी बसत नाही. आपण शेजारी खुर्ची टाकू."

काल मी ड्वेनच्या दुकानात गेले. तो मला बंदूक दाखवताना एवढा आनंदला होता की मला त्याच्या तब्येतीची काळजी वाटली. तेरा प्रकार दाखवले असतील. गुलाबी दस्त्याचीही एक होती, म्हणाला, बायकांसाठी. मी विचारलं, "गुलाबी बंदुकीचा नेम चांगला लागतो?" त्याने ती परत ठेवली. शेवटी कोपऱ्यातली एक निघाली. साधी, बोल्टाची, आखूड दस्त्याची, दुर्बीण नाही, नळीच्या टोकाला नेमाची बारीक खूण, बस. वजन भरल्या किटलीएवढं. किंमत म्हणाल तर चर्चला घालायच्या बुटांच्या दोन चांगल्या जोड्यांएवढी. खांद्याला लावली तर बोट चापावर नेमकं पोचलं आणि शेगडीही मध्ये आली नाही. चिठ्ठीवर लिहिलं होतं: मुलांच्या मापाची. साठी उलटल्यावर मला काहीतरी मापाचं मिळालं. पण आपल्यात पहिल्या खेपेला वस्तू घेत नाहीत, तेव्हा "विचार करते" म्हणून परत आले.

तर अशी सगळी हकिगत. तुम्ही काळजी करू नका. मला कशाची गरज नाही, काही पाठवू नका. भावोजींना नमस्कार, मोठ्या आवाजात.

तुमची,
ॲल्व्हिना

ता. क. एक गोष्ट पाठवा. काल दुकानातून आल्यावर मला वाटलं, सगळ्यात परवडणारी बंदूक म्हणजे घरात असलेली. दस्ता कापून घेतला तर लाइलचीही मला बसेल, ड्वेन फुकट कापून देईल. म्हणून शेवटी कपाट उघडलं. तुम्ही अंत्यविधीनंतर आवरून दिलं होतंत तसंच आहे, त्याचे सदरे रंगाप्रमाणे लावलेले, त्याने जन्मात लावले नसते असे. बंदूक कोपऱ्यात. बोल्ट नाही. हार्लनला विचारलं, तो म्हणाला, "वहिनी, लाइलच्या कपाटाला हात लावायची माझी छाती नाही." मग घरात राहता राहिलं कोण? तुम्हाला बसमध्ये बसवताना तुमची पर्स मी वर चढवली होती. काय भरलंय हो, असं विचारलं तर म्हणालात, गुडघ्याचं मलम. तेव्हा ते मलम कृपा करून नोंदणी टपालाने परत पाठवा. आणि रविवारी झोपेबद्दल न विचारता सरळ विचारत जा. मी सरळ सांगेन.

आणखी ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहिते आहे. दस्ता कुठून कापायचा याची खूण करायला पेन्सिल घेऊन बसले होते, ती केली नाही. बोल्टाच्या मुठीवरचा काळा रंग तुम्हाला आठवत असेल. एका बाजूला त्याच्या अंगठ्याने पार गेला होता आणि खालचं लोखंड उजळ झालं होतं. मला हे आधी सुचायला हवं होतं. तुम्ही तो माझ्या भीतीने नेला असेल, तर पाठवा. भीतीचं कारण नाही. पण धाकट्या भावाचा हात जिथे लागत होता अशी एक वस्तू जवळ असावी म्हणून नेला असेल, तर पाठवू नका, वरचं मागणं विसरा. दोन्हींतलं कुठलं, ते मला सांगायची गरज नाही.

गुरुवार. आज सकाळी ड्वेनकडून ती मुलांच्या मापाची बंदूक विकत घेतली. संध्याकाळी खाणीवर गेले आणि हार्लनने टाकलेल्या खुर्चीत बसले. एक डबा पडला. तो वाऱ्याने पडला असं चौघांचं मत आहे. पुढच्या गुरुवारी डबे मी आणते, असं सांगून घरी आले.